नाव चालविणाऱ्याचे अवधान

(मारुंजी, तालुका मुळशी येथील हरिनाम सप्ताहात झालेल्या निरूपणाचा सारांश)

॥ राम कृष्ण हरि ॥

वारकरी सज्जनहो, आज जो विषय निरूपणास घेतला आहे तो ऐकून कोणी म्हणेल, बुवांना आज हे काय सुचले? मारुंजीत बसून होडीच्या गोष्टी! आपल्या गावाला ना खाडी, ना बंदर. एका अंगाला पवना, दुसऱ्या अंगाला मुळा, मध्ये आपले शिवार. आणि त्या शिवारातही आता ज्वारीच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. येथे नाव कोठली आणि नावाडी कोठला?

शंका रास्त आहे. पण असे पाहा. आपल्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब ओढ्याने वाहत पवनेला नाही तर मुळेला मिळतो. पवना दापोडीपाशी मुळेत शिरते. मुळा पुण्याच्या संगमावर मुठेला भेटते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसपाशी भीमेला आपले नाव देऊन टाकते. त्याआधी तुळापूरला देहू-आळंदीची इंद्रायणीही भीमेला येऊन मिळालेली असते. मग उजनीचा तो अफाट जलाशय. आणि तेथून निघालेली तीच भीमा पंढरीला जरा वाकडी होते आणि चंद्रभागा म्हणविते. म्हणजे आपल्या गावचे पाणी आपल्या आधी पंढरीला जाऊन पोचते. त्या पाण्यामागोमाग आपणही जातो. वाळवंटात उतरतो, पुंडलिकाचे दर्शन घेतो, आणि मग विष्णुपदाला किंवा गोपाळपूरला जायचे तर पुष्कळ जण होडीतच बसतात. मारुंजीत होडी नसेल. मारुंजीकराला होडी चुकत नाही.

आणि ती होडी चुकविली, पायीच गेलो, तरी दुसरी एक नाव आहे, तिच्यात आपण जन्मतःच बसलेले आहोत. भागवताच्या एकादश स्कंधात भगवंत उद्धवाला सांगतात की मनुष्यदेह ही चांगली बांधलेली नाव आहे, गुरू हा तिचा कर्णधार आहे, आणि माझी कृपा हा अनुकूल वारा आहे. एवढे सारे जुळून आले असताना जो पैलतीराला जात नाही तो आपलाच घात करतो. कर्णधार म्हणजे सुकाणू धरणारा. याच एकादश स्कंधावर नाथमहाराजांनी टीका केली, ती शके १४९५ मध्ये काशीला पुरी झाली, आणि आजही घरोघर वाचली जाते.

आता दृष्टान्त एकदेशी असतो हे खरे. पण दृष्टान्त देणाऱ्याने निदान नाव काय असते, ती कशी चालते, आणि ती कशाने बुडते एवढे तरी पाहिलेले असावे. भवसागर, भवसागर असे आपण रोज म्हणतो. खरा सागर कसा असतो ते आज थोडे पाहू.

नावेवर नाव

१८ डिसेंबर २०२४. मार्गशीर्ष महिना, संकष्टीचा दिवस. मुंबईच्या गेटवेवरून 'नीलकमल' नावाची प्रवासी बोट घारापुरीला निघाली होती. घारापुरीच्या लेण्यांत शंकराची त्रिमूर्ती आहे. दूरदूरचे लोक ती पाहायला येतात. दुपार कलत आली होती. बोटीत लेकुरवाळ्या बाया होत्या, मुले होती, परमुलखातले पाहुणे होते. त्याच पाण्यात आरमाराच्या एका वेगवान बोटीच्या इंजिनाची चाचणी चालली होती. ती बोट पाण्यावर गिरक्या घेत होती आणि प्रवासी ती मोठ्या मौजेने पाहत होते. कोणी चित्रणही करीत होते. आणि पाहता पाहता ती बोट वळली आणि सरळ येऊन प्रवासी बोटीवर आदळली. दोन्ही बोटींवरची मिळून १५ माणसे गेली. इंजिनात बिघाड होऊन बोटीवरचा ताबा सुटला, असे आरमाराने सांगितले. प्रवासी बोटीला ८४ प्रवाशांची परवानगी होती, आणि तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती असेही निघाले. कोणाचा दोष किती हे ठरविण्याचे काम आपले नव्हे. ते चौकशी करणाऱ्यांचे आणि न्यायासनाचे. आपण एवढेच ध्यानात ठेवावे की जी वस्तू मौज म्हणून पाहत होते, तीच काळ होऊन आली.

त्याच्याही आधीची गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानावर असेल. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्या. स्वातंत्र्याला महिना उरलेला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही आगबोट रेवसला निघाली. पावसाळी दर्या, बोट माणसांनी भरलेली. वाटेत कासा खडकाजवळ तुफान लाटांनी ती कलली. भिऊन सगळी माणसे एका अंगाला धावली आणि त्या भारानेच बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. घरातला कर्ता गेला, दिवा गेला, अशी घरे कोकणात गावोगाव झाली. त्याच्याही वीस वर्षे आधी, १९२७ साली, त्याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या आगबोटी बुडाल्या होत्या.

सज्जनहो, येथे जरा थांबा. रामदास! तुकाराम! बोटींना नावे कोणाची? संतांची. ज्याने ती नावे ठेविली त्याची भावना चांगलीच होती. पण नावेवर संताचे नाव रंगविले म्हणून नाव तरत नाही. आता मला सांगा, आपल्या कपाळावर काय आहे? बुक्का आहे. गळ्यात काय आहे? तुळशीची माळ आहे. म्हणजे आपल्याही नावेवर संतांचे नाव रंगविलेले आहे! ते फार मोठे भाग्य आहे. पण आत सुकाणू धरून कोण बसला आहे? तो जागा आहे की डुलक्या घेतो आहे? हा प्रश्न त्या रंगविलेल्या नावाने सुटत नाही.

समुद्र सोडा, आपल्या भीमेचेच घ्या. २१ मे २०२४ ला संध्याकाळी उजनीच्या जलाशयात, करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापुराकडच्या कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. रोजची वाट, रोजचे पाणी. याच पाण्याची खालची बाजू म्हणजे आपली चंद्रभागा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी हाच दृष्टान्त घेतला आहे: पाण्यातली नाव वाऱ्याने ओढून न्यावी तसे भरकटलेले एकच इंद्रिय माणसाची बुद्धी ओढून नेते. आणि ज्ञानोबा माउली तेथे आणखी बारीक गोष्ट सांगतात, की नाव अगदी काठाला लागत असतानाही वादळात सापडली, तर टळलेले संकट पुन्हा येऊन गाठते. मध्यधारेत सगळेच सावध असतात हो. काठ दिसला की हात सैल सुटतात.

पाण्याची रीत

आता बोट बोटीवर आदळते ती का? समुद्र एवढा मोठा, आणि दोन बोटींना जागा पुरू नये? रस्ता अरुंद असतो म्हणून गाड्या आदळतात म्हणावे, तर पाणी चहूकडे मोकळे आहे. पण मोकळे आहे म्हणूनच माणूस गाफील राहतो. शिवाय पाण्यावर नाव जागच्या जागी थांबत नाही. इंजिन बंद केले तरी ती आपल्या वेगाने पुढे सरकतच राहते. म्हणून जे करायचे ते आधी करावे लागते.

जगातल्या सर्व दर्यावर्दी देशांनी १९७२ साली मिळून टक्कर टाळण्याचे नियम ठरविले आणि १९७७ पासून ते लागू झाले. आपला देशही ते पाळतो. मला ते एका दर्यावर्दी माणसाने समजावून सांगितले तेव्हा मी थक्क झालो. मला वाटले, हे तर आपल्याच घरचे बोलणे आहे! त्यातले चारच नियम सांगतो.

पहिला असा, की प्रत्येक नावेने सदोदित टेहळणी ठेविली पाहिजे. डोळ्यांनी, कानांनी, आणि जवळ असेल त्या प्रत्येक साधनाने. सदोदित! हवा चांगली असताना सुद्धा, वाट नेहमीची असताना सुद्धा. माउली नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागतात? पैसा मागत नाहीत, मान मागत नाहीत. अवधान मागतात. एवढे द्या, म्हणजे सर्व सुखाला पात्र व्हाल, असे प्रतिज्ञेने सांगतात. जे कथेला लागते तेच सुकाणूला लागते.

दुसरा नियम. समोरून येणारी नाव आपल्यावर आदळणार की बाजूने जाणार, हे ओळखायचे कसे? तर ती कोणत्या दिशेला दिसते ते पाहत राहावे. तिची दिशा बदलत गेली, ती पुढे किंवा मागे सरकत गेली, तर ती निघून जाईल. पण ती एकाच जागी दिसत राहिली आणि नुसती मोठी मोठी होत गेली, तर जाणावे की ही आपल्यावरच येत आहे! पाहा किती सूक्ष्म आहे हे. जे हलताना दिसते त्याचे आपल्याला भय वाटते, आणि जे जागच्या जागी दिसते ते आपण निर्धास्तपणे सोडून देतो. खरा धोका त्या न हलणाऱ्यातच असतो. आपला मृत्यूही तसाच नाही का? लहानपणापासून तो एकाच दिशेला उभा दिसतो. रोज दिसतो म्हणून त्याच्याकडे आपण बघत नाही. आणि दर वर्षी तो थोडा मोठा झालेला असतो.

तिसरा नियम. दोन नावा अगदी समोरासमोर आल्या तर वाट कोणी द्यावी? मोठीने की धाकटीने? नियम म्हणतो, दोघींनीही आपापल्या उजवीकडे वळावे. लहान-मोठा प्रश्नच ठेविला नाही. आता आपली वारी आठवा. दोन वारकरी समोरासमोर आले की काय करतात? दोघेही वाकतात, दोघेही एकमेकांच्या पायाला हात लावतात. तू आधी वाक मग मी वाकेन, असे म्हणत कोणी उभा राहत नाही. जेथे दोघेही वळतात तेथे टक्कर होतच नाही. भावाभावांची शेताच्या बांधावरून जी टक्कर होते, आणि आता आपल्याकडे जमिनीला भाव आल्यापासून तर रोज होते, ती का? दोघेही सरळ जायचे म्हणतात म्हणून.

चौथा नियम. दोन यांत्रिक नावा आडव्या आल्या तर जिच्या उजव्या हाताला दुसरी दिसते तिने वाट द्यावी. रात्री नावेच्या उजव्या अंगाला हिरवा आणि डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो. अशी आडवी येणारी नाव उजवीकडून आली तर तिचा तांबडा दिवा दिसतो. तो दिसला की आपण थांबावे, वळावे. दुसरीचा हक्क सरळ जाण्याचा. पण पुढे नियम काय सांगतो ते ऐका: समोरचा वाट देत नाही असे दिसले, तर हक्क असणाऱ्यानेही हक्क बाजूला ठेवून टक्कर टाळलीच पाहिजे. 'चूक त्याची होती' असे बुडालेल्याला म्हणता येत नाही.

हे नियम पाळले नाहीत म्हणजे काय होते? १ ऑक्टोबर २०१२ ला रात्री हाँगकाँगजवळ दोन प्रवासी बोटी एकमेकींवर आदळल्या आणि ३९ माणसे गेली. दोन्ही बोटींच्या चालकांनी नीट टेहळणी ठेविली नव्हती, असे चौकशीत निघाले. आणि जी बोट बुडाली तिच्या पोटात एक पाणी अडविणारे दार असायला हवे होते, ते बसविलेलेच नव्हते, म्हणून ती इतक्या लवकर बुडाली. म्हणजे सुकाणूवरचा एकटाच असावध नव्हता. ती बांधणारा, ती तपासणारा, सारेच असावध. असावधपणाला अंग नसते. तो एकाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातो, आणि शेवटी ज्याच्या हाती सापडतो त्याच्या नावावर मांडला जातो.

माझी कबुली

आता मला एक सांगायचे आहे. ते सांगितल्याशिवाय हे निरूपण करण्याचा मला अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी कार्तिकीला आम्ही दिंडीतले अकरा-बारा जण चंद्रभागेत होडीत बसलो. विष्णुपदाला निघालो होतो. वल्ह्याची होडी, नावाडी तरणाताठा, हसतमुख. पाणी शांत. टाळ वाजत होते. मला काय वाटले कोण जाणे, मी खिशातला मोबाईल काढून त्या नावाड्याच्या हातात दिला आणि म्हटले, "दादा, एवढा आमच्या सगळ्यांचा एक फोटो काढ बरं, मागं पुंडलिकाचं देऊळ येऊ दे." तो म्हणाला, "बुवा, जरा थांबा, काठाला लागल्यावर काढतो." मी म्हटले, "काठाला देऊळ कुठं येणार? काढ काढ, काही होत नाही."

त्याने वल्ही सोडली, पाठ फिरविली, आणि फोटो काढू लागला. आमच्यात एक म्हातारी आजी होती. ती एकटीच फोटोकडे न बघता पाण्याकडे बघत होती. ती म्हणाली, "आवं, ती होडी बगा की. जागची हालंना, नुसती मोठी व्हायला लागलीया." आम्ही हसलो. म्हटले, आजी, इकडे बघा, फोटो चाललाय! ती समोरची इंजिनाची होडी होती. तिचा चालकही काठावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारण्यात गुंतला होता. दोघेही दुसरीकडे बघत होते. आणि दोन्ही होड्यांच्या कडा एकमेकींवर आदळल्या.

होडी उलटली नाही, पांडुरंगाची कृपा. पण आमच्या एका टाळकऱ्याचा हात कडेवर होता. त्याची दोन बोटे दोन होड्यांच्या मध्ये सापडली. तो ओरडला नाही. त्याने नुसते "विठ्ठला" म्हटले. ती बोटे पुढे जुळली, पण वाकडी. आजही तो दिंडीत असतो. टाळाची दोरी बोटांत धरता येत नाही म्हणून मनगटाला गुंडाळतो. माझ्या पुढच्या ओळीत चालतो. टाळ वाजला की मला तो मनगट दिसतो.

काठावर उतरल्यावर सगळ्यांनी त्या नावाड्याला धरले. लक्ष कुठं होतं, म्हणून कोणी त्याच्या अंगावर धावले. तो मान खाली घालून उभा. त्याच्या हातात माझा मोबाईल. त्याने तो मला परत दिला, आणि एक अक्षर बोलला नाही. आणि सज्जनहो, मीही एक अक्षर बोललो नाही. 'मीच त्याला सांगितले, तो नको म्हणत होता' एवढे म्हणायला मला तेथे तोंड झाले नाही. गळ्यात वीणा होती, कपाळी बुक्का होता, आणि तोंडाला कुलूप. दुसऱ्या वर्षी त्याला शोधले, तो सापडला नाही. त्याच्यापुढे बोलायचे ते आज तुमच्यापुढे बोलतो आहे.

नावाडी असावध होतो. पण पुष्कळदा त्याला असावध करणारे आपण असतो. अजून दोन माणसे घे म्हणणारे आपण. लवकर चल, नंबर जाईल, म्हणणारे आपण. त्याला बोलण्यात गुंतविणारे आपण. आणि मग बुडालो की दोष त्याचा.

शंका आणि समाधान

येथे एक शंका येते, आणि ती मोठी आहे. कोणी म्हणेल, बुवा, अवधान अवधान काय करता? तेरचे गोरोबाकाका चिखल तुडविता तुडविता नामात इतके रंगले की पायाखाली पोटचे मूल आले ते कळले नाही. तोही असावधपणाच! त्याला तुम्ही भक्ती म्हणता. मग एखादा नावाडी नामात रंगून सुकाणू विसरला तर त्याला दोष का?

समाधान ऐका. पहिली गोष्ट, गोरोबांची ती अवस्था होती. तो त्यांनी घालून दिलेला नियम नव्हे. असे करा, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही. त्या माउलीचा, त्या मुलाच्या आईचा, आकांत कथेत आहे, आणि संतांनी तो झाकलेला नाही. दुसरी गोष्ट, गोरोबांचे मूल पांडुरंगाने परत दिले. घारापुरीच्या वाटेवर गेलेले १५ जण परत आले नाहीत. रामदास बोटीतले सहाशे परत आले नाहीत. आपल्या चुकीने गेलेले माणूस देव परत देईल असा ज्याचा अधिकार असेल, त्याने खुशाल सुकाणू सोडावे. माझा नाही. त्या टाळकऱ्याची दोन बोटे सुद्धा मला सरळ करून देता आली नाहीत.

आणि तिसरी गोष्ट, संतांत गोरोबा आहेत तसे अरणचे सावतोबाही आहेत. ते मळा सोडून पंढरीला गेले नाहीत. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठ्ठल दिसला. म्हणजे काय? मळ्याला पाणी देताना त्यांचे लक्ष मळ्यात होते, आणि ते लक्ष हीच पूजा होती. अठराव्या अध्यायात माउली हेच सांगतात, की आपल्या वाट्याला आलेल्या कर्माची फुले सर्वात्मक ईश्वराला वाहावी. मग नावाड्याचे फूल कोणते? समोर पाहणे हे त्याचे फूल. मुखाने विठ्ठल विठ्ठल म्हणावे, जरूर म्हणावे. पण डोळा पाण्यावर, कान भोंग्यावर, हात वल्ह्यावर. त्याच्या नावेत बसलेल्या वीस जणांत वीस ठिकाणी पांडुरंग बसला आहे. त्यांना सुखरूप उतरविणे हेच त्याचे दर्शन, आणि त्याला रांगेत उभे राहावे लागत नाही.

दुसरी शंका. तारणारा पांडुरंग आहे, मग त्या फुगीर जॅकेटाचे काय काम? काय तुमचा भरवसा नाही?

भरवसा आहे. पण पांडुरंग तारतो तो कोणाच्या हाताने, ते पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये ती बोट बुडू लागली तेव्हा जवळच्या बोटींवरचे खलाशी धावले, मच्छीमार धावले, आरमाराच्या आणि तटरक्षक दलाच्या बोटी आल्या. त्यांनी लेकरेबाळे पाण्यातून वर काढली. ते हात पांडुरंगाचेच होते. जॅकेटही त्याच हाताने दिलेले समजा. ते न घालणे हा भरवसा नव्हे; देणाऱ्याचा हात झिडकारणे आहे.

तिसरी शंका. गुरू कर्णधार आहे, मग आम्ही नुसते बसून राहिलो तर काय बिघडले? तर सुकाणूचा एक गुण आहे. नाव चालत असली तरच ते चालते. पाणी सुकाणूवरून वाहू लागले म्हणजे ते नावेला वळविते. नाव जागची उभी असली तर सुकाणू कितीही फिरवा, ते मुके. तसे आपले साधनच थांबले, नाम नाही, वारी नाही, पोथी नाही, तर गुरूचे सुकाणू कोणत्या पाण्याला लागावे? वल्ही आपण मारायची. दिशा त्यांनी द्यायची.

आता करायचे काय

ऐकून घरी जाल तर हे बोलणे वाऱ्यावर गेले. चार गोष्टी पदरात बांधून न्या.

पंढरीत होडी भरलेली दिसली तर पाऊल मागे घ्या. पुढची होडी येते. विष्णुपद कोठे जात नाही. आपण मागे घेतलेले ते एक पाऊलही वारीतच जमा होते. आषाढात वरून उजनीचे पाणी सुटते, नीरेवरच्या वीर धरणाचे सुटते, आणि चंद्रभागा पाहता पाहता फुगते. त्या दिवशी होड्या बंद ठेवा म्हणून सांगणाऱ्याशी हुज्जत घालू नका.

होडीत बसल्यावर उभे राहू नका, हात कडेबाहेर ठेवू नका, आणि काही झाले तरी सगळे एका अंगाला धावू नका. रामदास बोटीतली माणसे भिऊनच धावली, आणि धावल्यानेच उलटली.

नावाड्याशी बोलू नका. त्याला फोटो काढायला सांगू नका. हे मी सांगतो आहे. याहून जास्त काय सांगू?

आणि चौथी गोष्ट आपल्या मारुंजीची. आपल्या गावावरून हिंजवडीला जाणारा रस्ता सकाळ-संध्याकाळ नदीसारखा वाहतो. आपली मुले त्यावर दुचाकी घालतात, एका हातात मोबाईल धरून. ती काय नाव नव्हे? मागे बसलेली सून, पुढे उभा केलेला नातू, हे काय प्रवासी नव्हेत? १५ जून २०२५ ला इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले. तुकोबारायांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान तीन दिवसांवर आले होते. ती जागा आपल्यापासून किती लांब आहे? तेव्हा पाणी लांब आहे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

महाभारतात सनत्सुजात ऋषी धृतराष्ट्राला सांगतात, की मृत्यू म्हणून कोणी निराळा नाही. माणसाच्या असावधपणालाच मृत्यू म्हणावे. धृतराष्ट्राने ऐकले. पण तो आंधळा होता. आपल्याला देवाने डोळे दिले आहेत.

त्या दिवशी होडीत आम्ही अकरा जण फोटोकडे बघत होतो आणि एक म्हातारी पाण्याकडे बघत होती. तिला अक्षर येत नव्हते, नियम ठाऊक नव्हते. पण जागची न हलता मोठी होत येणारी गोष्ट तिने ओळखली होती. आपल्या प्रत्येकाच्या नावेत अशी एक आजी बसलेली असते. ती हळू बोलते. टाळ वाजत असला तरी तिचे ऐकू येईल इतके कान उघडे ठेवा. एवढेच अवधान मला त्या पांडुरंगाने द्यावे, तुम्हा सर्वांना द्यावे, आणि जेथे कोठे असेल तेथे त्या माझ्या नावाड्याला सुखी ठेवावे, ही त्याच्या चरणी विनंती.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम.